दुर्बिणीतून टिपलेला पक्षी शार्प का येत नाही?

भिगवणच्या काठावरून सकाळी साडेसातला टिपलेल्या शेकाट्याच्या पाठीवरचं पीस न् पीस वेगळं दिसतं. त्याच जागेवरून, त्याच दुर्बिणीतून, तेवढ्याच अंतरावरचा शेकाट्या पावणेदहाला टिपला, की लाल पायांचे दोन गुलाबी पट्टे होतात आणि सुईसारख्या चोचीचा काळसर डाग. फोकस तोच, कॅमेरा तोच. मग वाटतं, सकाळी लवकर गेलं की झालं. आणि पुढच्या रविवारी नेमके सकाळचेच फोटो सॉफ्ट येतात.

आकाशदर्शनाची दुर्बीण कॅमेऱ्याला जोडून पक्षी टिपणाऱ्या बहुतेकांची तक्रार हीच असते. फोटो कधी येतो, कधी येत नाही, आणि का ते कळत नाही. मग भिंगावर शंका, कॅमेऱ्यावर शंका, नवा ट्रायपॉड, नवं फिल्टर. माझे दोन हिवाळे यात गेले. त्यातून एक गोष्ट कळली: या एका तक्रारीमागे निदान चार वेगळी कारणं असतात आणि ती एकावर एक चढलेली असतात. त्यामुळे एक दुरुस्त केलं तरी फोटोत फरक दिसत नाही आणि आपण बरोबर दुरुस्ती चुकीची समजून सोडून देतो. म्हणून काही विकत घेण्याआधी कोणतं कारण आपलं आहे ते ओळखा.

माझी जोडणी सांगते, म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. ८० मिमी व्यासाचं ईडी भिंग (रंगीत कडा कमी करणाऱ्या खास काचेचं), फोकल लेंग्थ ६०० मिमी, म्हणजे एफ/७.५. मागे २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी डीएसएलआर, मध्ये टी-रिंग, म्हणजे कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी. नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) नाही, डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) नाही, दुर्बीणच कॅमेऱ्याची लेन्स. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेलं असतं. ते उघडतं त्याच सुमाराला उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिगवणच्या पाण्यावर, हिवाळी पाहुणे उतरू लागतात, त्यामुळे रात्री शनीकडे लावलेली दुर्बीण सकाळी पाणथळीकडे वळणं साहजिकच आहे. ६०० मिमी एफ/४ ची कॅमेऱ्याची लेन्स दहा लाखांच्या वर जाते. दुर्बिणीत ऑटोफोकस नाही, छिद्र लहानमोठं करायची सोय नाही, स्थिरीकरण नाही. पण सगळं जुळून येतं त्या दिवशी तिची प्रतिमा पाहिली, की तिच्यासाठी हवे तेवढे कष्ट घ्यावेसे वाटतात.

आधी लक्षण वाचा

चाचणी पक्ष्यावर करू नका. पक्षी मान वळवतो, एक पाऊल पुढे टाकतो, आणि फोटो त्याच्यामुळे बिघडला की आपल्यामुळे हे कळतच नाही. उजाडल्यावर, ऊन चढायच्या आत, ३० मीटरवरच्या भिंतीला वर्तमानपत्र पूर्ण उघडून चिकटवा. छोट्या जाहिरातींची पानं सर्वांत चांगली, कारण बारीक अक्षरं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत असतात. आयएसओ ८००, शटर १/५००, एकदा फोकस करून त्याला हात न लावता वीस फोटो घ्या. तेच पान तसंच ठेवून दुपारी बाराला पुन्हा वीस.

आता मोठ्या पडद्यावर पाहा. सकाळचे वीसच्या वीस सारखेच सॉफ्ट असतील तर फोकस चुकलाय. वीसही फोटोंत पानाची एकच बाजू सॉफ्ट असेल तर कॅमेरा तिरका बसलाय. अक्षरांना एकाच दिशेला दुहेरी कड दिसते आणि ती काही फोटोंत जास्त, काहींत कमी असते, तर ती थरथर आहे. एका फोटोत डावीकडचा रकाना स्वच्छ, पुढच्यात उजवीकडचा, आणि छापील सरळ रेघ किंचित नागमोडी दिसत असेल, तर तो हवेचा खेळ. अक्षरांच्या कडा नीट आहेत पण काळी शाई राखाडी दिसते, तर भटका प्रकाश आत शिरतोय किंवा भिंगावर दव बसलंय.

फोटो तपासताना अपेक्षाही ठीक ठेवा. एफ/७.५ ला प्रकाशाच्या एका बिंदूचा ठिपका सेन्सरवर साधारण १० मायक्रॉन रुंद पडतो आणि माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा आहे. म्हणजे भिंग कितीही निर्दोष असलं तरी एक बिंदू दोन-अडीच पिक्सेल व्यापणारच. २०० टक्के मोठं करून 'सॉफ्ट आहे' म्हणण्यात अर्थ नाही. याच कारणासाठी पक्ष्यांना बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जादा भिंग) लावू नका. दुपटीचा बार्लो लावला की एफ/१५ होतं, ठिपका २० मायक्रॉनचा होतो, उजेड चौपटीने कमी होतो, आणि पक्षी मोठा दिसला तरी त्यात नवं काहीच दिसत नाही.

फोकस लागतच नसेल तर

हा अडथळा पहिल्याच दिवशी येतो. रिफ्रॅक्टरमध्ये, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीत, डायगोनल प्रकाशाच्या वाटेची बरीच लांबी खातो, २ इंचीचा असेल तर जवळपास १० सेंमी. तो काढून थेट कॅमेरा लावला की फोकसर (पुढेमागे सरकणारी फोकसची नळी) शेवटपर्यंत बाहेर ओढूनही चित्र जुळत नाही. मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लांबी वाढवणारी रिकामी नळी, लागते. शिवाय पक्षी जितका जवळ तितकं फोकसरला आणखी बाहेर यावं लागतं. ६०० मिमीच्या दुर्बिणीत चंद्रावर जिथे फोकस लागतो, त्यापेक्षा १०० मीटरवरच्या पक्ष्यासाठी ३.६ मिमी, ५० मीटरला ७.३ मिमी, ३० मीटरला १२.२, २० मीटरला १८.६ आणि १० मीटरला तब्बल ३८ मिमी बाहेर. परसातल्या पेरूवरचा तांबट टिपायचा असेल तर ही लांबी आधी हिशेबात धरा.

न्यूटोनियनवाल्यांची, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीवाल्यांची, अडचण उलटी असते. तिथे कॅमेरा पुरेसा आत जाऊ शकत नाही, म्हणून ताऱ्यांवर फोकस लागत नाही आणि लोक दुर्बीण कॅमेऱ्याला चालत नाही म्हणून सोडून देतात. पण वरचाच हिशेब इथे मदतीला येतो. १००० मिमीच्या न्यूटोनियनमध्ये २० मीटरवरच्या पक्ष्याचा फोकस ताऱ्यापेक्षा ५२ मिमी बाहेर पडतो. चंद्र टिपता न येणारी दुर्बीण अंगणातला दयाळ सुरेख टिपू शकते. एकदा करून पाहा. फक्त पार्श्वभूमीतले चमकणारे ठिपके मधल्या आरशामुळे कड्यांसारखे दिसतील, ते चालवून घ्यावं लागतं.

कॅमेरा क्लिकच करत नसेल तर तो बिघडलेला नाही, त्याला लेन्स दिसत नाहीये. सोनी आणि कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यांत लेन्सशिवाय शटर चालू देण्याचा पर्याय मेन्यूत असतो, तो सुरू करा. निकॉनचे सुरुवातीच्या श्रेणीतले डीएसएलआर अशा वेळी उजेड मोजत नाहीत. एम मोडवर ठेवून एक-दोन फोटो काढून हिस्टोग्रामवरून (उजेडाच्या आलेखावरून) ठरवा.

फोकस लागतो, पण पक्ष्यावर नाही

२० मीटरवर या दुर्बिणीची शार्प दिसणारी खोली जेमतेम ३०-३५ सेंमी असते, आणि बारकाईने पाहिलं तर त्याच्या निम्मीही नाही. १० मीटरवर ती ८ सेंमीवर येते. राखी बगळ्याची चोच शार्प आणि डोळा सॉफ्ट, हे दहा मीटरवर सहज होतं. छिद्र लहान करून खोली वाढवायची सोय नाही, त्यामुळे सगळा भार बोटांवर.

व्ह्यूफाइंडरमधून फोकस करू नका. आजच्या डीएसएलआरची काच हाताने फोकस करण्यासाठी बनलेलीच नाही. लाइव्ह व्ह्यू सुरू करून डोळ्याच्या जागी दहापट मोठं करा. पडद्यावर काळं कापड किंवा ओढणी डोक्यावरून घ्या, उन्हात त्याशिवाय काही दिसत नाही. फोकसरला दोन वेगांच्या चकत्या असतील तर मोठ्या चकतीने जवळपास आणून बारीक चकतीने फोकसच्या पलीकडे जा, परत अलीकडे या, पुन्हा पलीकडे. दोन्ही बाजूंचा बिघाड सारखा दिसेल त्याच्या मध्यावर थांबा. पक्षी स्थिर असेल तर आठ-दहा फोटोंचा बर्स्ट सुरू ठेवून बारीक चकती अगदी हळू फिरवा, त्यातले दोन नक्की बसतात. ताऱ्यांसाठी वापरतो तो बाहतिनोव्ह मास्क इथे कामाचा नाही, त्याला बिंदूसारखा उजेड लागतो.

फोकस लावला आणि मग पहिले दोन फोटो ठीक, पुढचे बिघडलेले, असं होत असेल तर फोकसर घसरतोय. क्रेफर्ड पद्धतीच्या फोकसरला दाते नसतात, नळी नुसत्या दाबावर धरलेली असते. दुर्बीण झाडाच्या शेंड्याकडे उचलली की कॅमेऱ्याचं वजन नळीला मागे ओढतं. फोकसरच्या खालचा ताणाचा स्क्रू थोडा आवळा. पक्का करायचा स्क्रू मात्र फोकस झाल्यावर एकदम आवळू नका, त्यानेच प्रतिमा सरकते. आधी अर्धवट आवळून त्या अडकलेल्या स्थितीतच फोकस करा.

एक युक्ती मी रात्रीच्या कामावरून घेतली. फोकसरच्या नळीवर कागदी पट्टी चिकटवली. एका रात्री चंद्रावर फोकस लावून तिथे पहिली खूण केली, तो शून्य. तिथून मोजून ३.६, ७.३, १२.२ आणि १८.६ मिमीवर १००, ५०, ३०, २० मीटरच्या खुणा. आता काठावर वेडा राघू कुठल्या बाभळीवर येऊन बसतो ते कळलं, की पट्टीवर तेवढं अंतर लावून थांबते. तो येतो तेव्हा बारीक चकतीचा पाव फेरा पुरतो. फोकल लेंग्थ वेगळी असेल तर तिचा वर्ग करा आणि अंतरातून फोकल लेंग्थ वजा करून येणाऱ्या संख्येने भागा, सगळं मिलिमीटरमध्ये. एक्स्टेन्शन ट्यूब बदलली तर शून्य पुन्हा घ्यावा लागतो.

तिरका बसलेला कॅमेरा

यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, म्हणून वेगळं सांगते. माझ्या प्रत्येक फोटोत वरचा भाग सॉफ्ट येई. मध्ये ठेवलेल्या पक्ष्याचं पोट स्वच्छ, डोकं धूसर. भिंगाची बैठक बिघडली असं ठरवून मी दुर्बीण तपासायला पाठवली. ती ठीक असल्याचं सांगून परत आली. दोष एक्स्टेन्शन ट्यूबमध्ये होता. ती नळीत दोन स्क्रूंवर धरलेली होती आणि मागे पाऊण किलोचा कॅमेरा लटकत होता. तो जेमतेम एक अंशाने खाली झुकायचा. पण एका अंशात सेन्सरच्या वरच्या आणि खालच्या कडेत पाव मिलिमीटरहून जास्त फरक पडतो, आणि एफ/७.५ ला फोकसची सगळी मोकळीक साधारण तेवढीच असते.

ओळखायची खूण सोपी आहे. कॅमेरा ९० अंशांनी फिरवून उभा लावा आणि त्याच पानाचे फोटो घ्या. सॉफ्ट भाग पानाच्या त्याच बाजूला राहिला तर वजनाने झुकतंय किंवा दुर्बीण बिघडलीय. तो कॅमेऱ्याबरोबर फिरला तर टी-रिंगमध्ये किंवा कॅमेऱ्यात दोष आहे. माझा उपाय स्वस्त होता: स्क्रूवर धरणारे सगळे जोड काढून आट्यांचे जोड लावले. जिथे ते जमत नाही तिथे निदान सव्वा इंची नळीऐवजी २ इंची वापरा.

चारही कोपरे सारखेच सॉफ्ट असतील तर तो भिंगाचा स्वभाव आहे, साध्या दोन भिंगांच्या रिफ्रॅक्टरमध्ये प्रतिमेचा पडदा वाटीसारखा वक्र असतो. पक्षी मध्यात ठेवा आणि नंतर कापा. हा वक्रपणा काढणाऱ्या फ्लॅटनरवर पैसे घालू नका, तो ताऱ्यांच्या कामाचा.

थरथर

पिक्सेलच्या भाषेत पाहिलं तर या दुर्बिणीत १.३५ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) हालचाल म्हणजे एक पिक्सेल. सेन्सरवर ते अंतर केसाच्या जाडीच्या पंधरा-विसाव्या भागाएवढं आहे. बोटाचा स्पर्श, मागून चालत आलेला माणूस, पाण्यावरून आलेली झुळूक, सगळं फोटोत उमटतं.

डीएसएलआरचा आरसा वर आपटतो त्याची थरथर १/६० ते १/४ सेकंदाच्या शटरला सर्वांत जास्त दिसते. उजाडताना मंद प्रकाशात आपण नेमकं तिथेच असतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा आधीच वर असतो, आणि अनेक कॅमेऱ्यांत पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक करता येतो. हे दोन्ही वापरलं की निम्मा प्रश्न मिटतो. उरलेल्यासाठी केबल रिलीज. दोन सेकंदांचा टायमर पक्ष्यांना चालत नाही, दोन सेकंदांत खंड्या मासा घेऊन उडालेला असतो. त्याऐवजी बर्स्ट घ्या आणि पहिला फोटो टाकून द्या, बटण दाबण्याचा धक्का बहुतेक त्यातच येतो. शक्य तिथे शटर १/५०० च्या खाली नेऊ नका, आयएसओ १६०० वर गेला तरी चालेल. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सावरत नाही.

आधाराबद्दल माझं मत ठाम आहे. इक्वेटोरियल माउंट पक्ष्यांना नको. ते ताऱ्यांच्या वाटेने फिरायला बनलंय, पक्षी डावीकडून उजवीकडे चालला की दोन अक्ष एकाच वेळी फिरवावे लागतात. चांगला व्हिडिओ हेड किंवा गिंबल हेड लावा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पायांचे जाड भाग आधी उघडा, मध्ये पाण्याची बाटली किंवा वाळूची पिशवी जमिनीला टेकेल अशी टांगा. कॅमेरा लावल्यावर दुर्बीण मागे जड होते, म्हणून डव्हटेल पट्टी (दुर्बिणीखालची, हेडमध्ये बसणारी) पुढे सरकवून हात सोडला तरी जागेवर राहील असा तोल साधा. तोल नसलेली दुर्बीण घट्ट आवळून धरली तरी ती हळूहळू ढळत राहते.

भिगवणला बहुतेक जण होडीतून पक्षी टिपायला जातात. होडीत ही दुर्बीण न्यायचं मनातही आणू नका. ती काठावरचीच वस्तू आहे.

हवा

आता पावणेदहाच्या शेकाट्याकडे वळते. गरम हवा विरळ असते आणि प्रकाश तिच्यातून वेगळ्या कोनात वळतो. ऊन चढलं की चिखलावरून, दगडांवरून गरम हवेचे गोळे उठतात आणि प्रत्येक गोळा एका वाकड्यातिकड्या भिंगासारखं काम करतो. तारे लुकलुकतात तेही यामुळेच, आणि आम्ही आकाशवाले रात्रीची हवा कशी आहे ते पाहून ग्रह टिपायचे की नाही ठरवतो. पण डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश जमिनीलगतचा तापलेला थर काही मीटरांत ओलांडतो. काठावरच्या पक्ष्याचा प्रकाश मात्र अख्खी वाट त्याच थरातून चालत येतो. म्हणून जी दुर्बीण रात्री शनीच्या कड्यांमधली फट दाखवते तिला सकाळी दहाला दोनशे मीटरवरचा चक्रवाक नीट दाखवता येत नाही, आणि यात दुर्बिणीचा काहीही दोष नाही.

खात्री करायची तर लाइव्ह व्ह्यू दहापट करून एखाद्या बांबूची किंवा होडीची कड दहा सेकंद पाहा. कड वाहत्या पाण्याखाली असल्यासारखी हलत असेल तर फोकस शोधत बसू नका, तो सापडणार नाही. माझा एक अख्खा हिवाळा यात गेला. हलत्या प्रतिमेवर मी फोकस मागेपुढे करत राहिले आणि होता तो बरोबर फोकसही घालवला. अशा वेळी पट्टीवरच्या खुणेवर विश्वास ठेवा.

एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. हवेचा गोळा पक्ष्याजवळ असेल तर त्याचा त्रास कमी आणि दुर्बिणीजवळ असेल तर सर्वांत जास्त होतो. पक्ष्याजवळ वळलेला किरण जागा फारशी बदलत नाही, दुर्बिणीसमोर वळलेला पूर्ण कोनाने चुकीच्या दिशेने येतो. म्हणून समोरचे पहिले पाच-दहा मीटर सर्वांत महत्त्वाचे. डांबरी रस्त्यावर, काळ्या खडकावर, गाडीच्या बॉनेटमागे दुर्बीण मांडू नका. गवतावर, ओल्या मातीवर, झाडाच्या सावलीत मांडा. गाडीच्या खिडकीतून टिपत असाल तर इंजिन आणि एसी बंद करून दोन्ही बाजूंच्या काचा खाली करा आणि गाडी बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत थांबा. पक्ष्याच्या पातळीवर झोपून घेतलेला फोटो दिसायला फार देखणा असतो हे मला मान्य आहे, पण साडेआठनंतर तो हट्ट मी सोडते, कारण जमिनीपासून वीतभर उंचीवरची हवा सर्वांत वाईट असते. दुर्बीण छातीच्या उंचीवर घेतली तरी फरक डोळ्यांना दिसतो. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यासारख्या माळावर हे आणखी लवकर सुरू होतं, तिथे पाणीही नाही आणि सावलीही.

अंतर हाच खरा इलाज. ६० मीटरवर माझ्या फोटोतला एक पिक्सेल पक्ष्याच्या अंगावरचे ०.४ मिमी दाखवतो, २०० मीटरवर १.३ मिमी, आणि हवा त्याच्यावर आपला वाटा घेते तो वेगळाच. लांबचा पक्षी मोठा करण्याऐवजी जवळ येणाऱ्या पक्ष्याची वाट पाहा. पहाटे लपणाची जागा धरून बसलं की शेकाट्या आणि टिटव्या आपण होऊन तीस मीटरवर येतात. त्यांच्या मागे लागू नका, आणि विणीच्या काळात घरट्याजवळ तर मुळीच दुर्बीण मांडू नका. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर तिची अंडी जवळच उघड्यावर आहेत, तिथून हलायचं.

ज्या रविवारी सकाळचेच फोटो बिघडत त्याचं कारण वेगळं निघालं. पुण्याहून पहाटे निघताना गाडीत हीटर लावलेला असे. दुर्बीण मागच्या सीटवर दोन तास तापे, आणि काठावर पोचताच मी ती कडाक्याच्या थंडीत लावून फोटो काढू लागे. नळीच्या आतच गरम हवेचे प्रवाह फिरत होते. आता दुर्बीण डिकीत, हीटर बंद, आणि पोचल्यावर टोपण काढून अर्धा तास ती नुसती बाहेर ठेवते. मॅकसुटोव्ह (भिंग आणि आरसे दोन्ही असलेली दुर्बीण) असेल तर एक तास धरा, तिचं पुढचं भिंग जाड आणि नळी बंद असते. फार थंडीत पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं आणि त्यावरून वाफ निघताना दिसते. तेव्हाही प्रतिमा लहरते, ती विरेपर्यंत थांबायचं. ढगाळ सकाळ मिळाली तर अकरापर्यंत काम करता येतं, आणि अशा सकाळी मी सुट्टी टाकून गेलेली आहे.

हवा मध्यम वाईट असेल तर ग्रहांची पद्धत वापरा. ग्रह टिपताना आम्ही हजारो चौकटींचा व्हिडिओ घेतो आणि त्यातल्या हवा क्षणभर थांबलेल्या चौकटी निवडतो. पक्षी स्थिर असेल तर पन्नास फोटो घ्या आणि डोळ्यावर नजर ठेवून एक निवडा. चौकटी एकमेकींवर रचण्याचा प्रकार मात्र पक्ष्यांना जमत नाही, पिसं हलतात.

जांभळी कड, दुधाळपणा

पांढरा बगळा गडद पाण्यासमोर, किंवा कोतवाल उजळ आकाशासमोर, आणि कडेला जांभळी रेघ: साध्या अॅक्रोमॅट भिंगात निळा-जांभळा प्रकाश बाकीच्यांबरोबर एका जागी येत नाही. ईडी भिंगात हे बरंच कमी असतं. अॅक्रोमॅट असेल तर फिकट पिवळं फिल्टर लावून रंग नंतर सुधारा, आणि बगळ्याचा पांढरा जळू (अति उजळू) देऊ नका, जळलेल्या पांढऱ्याभोवती कड जास्त दिसते.

दुधाळपणासाठी आधी टॉर्चने भिंग तिरकं पाहा. पहाटेच्या दवाचा पातळ थर सरळ पाहून दिसत नाही. भिंग पुसू नका, हवा गरम होईल तसं ते आपोआप सुटेल. दव नसेल तर टी-रिंग आणि एक्स्टेन्शन ट्यूबच्या आत पाहा, तिथे चकचकीत धातू दिसेल. रात्री काळ्या आकाशात त्याने काही बिघडत नाही, दिवसा सगळं उजळ आकाश त्यावरून सेन्सरवर उतरतं. आतून काळी मखमली पट्टी चिकटवली आणि पुढची दवटोपी काळ्या कार्डाने वीतभर लांब केली, की शाई पुन्हा काळी दिसते.

मोबाइल नेत्रिकेला लावून टिपणाऱ्यांसाठी एकच सूचना. डायगोनल लावलेला असेल तर चित्र डावं-उजवं उलटं येतं. मंगोलियात गळपट्टी बांधलेले पट्टकादंब आपल्याकडे दिसल्याच्या नोंदी आहेत. अशी पट्टी दिसली तर फोटो आधी सुलटा करा, मगच तिच्यावरची अक्षरं वाचून कळवा.

उडता पक्षी

या जोडणीचं हे सर्वांत दुबळं अंग आहे, आणि ज्यांना फक्त उडते पक्षी हवे आहेत त्यांनी ऑटोफोकसवाली १५०-६०० झूमच घ्यावी. तरी नदीसुरय सारखा त्याच वाटेने फेऱ्या मारतो, तेव्हा जमतं. दृश्याची रुंदी जेमतेम सव्वादोन अंश असते, म्हणजे ५० मीटरवर दोन मीटरही नाही. कॅमेऱ्यातून पक्षी शोधू नका. ताऱ्यांसाठीचा लाल ठिपक्याचा शोधक नळीवर बसवा, दूरच्या खांबावर जुळवून घ्या आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपका पक्ष्यावर धरा. सूर्याच्या बाजूला पक्षी वळला की तिथेच सोडून द्या. या दुर्बिणीतून सूर्य व्ह्यूफाइंडरमध्ये आला तर डोळा कायमचा जातो, आणि पूर्वेकडे तोंड करून सुरय टिपताना तो क्षण फार लवकर येतो.

फोकस पट्टीवर ५० मीटरच्या खुणेवर, शटर १/२०००, आयएसओ उजेडाप्रमाणे. हेड सैल, हात नळीच्या मधोमध. सुरय त्या अंतरावर येण्याच्या किंचित आधी बर्स्ट सुरू करा आणि तो ओलांडून गेल्यावरच थांबा.